नवी बाईक घेताना शोरूममध्ये भाव कसा करायचा: पहिल्यांदा गाडी घेणाऱ्यांसाठी

पाडव्याच्या तीन आठवडे आधी माझ्या भाच्याने पहिली गाडी बुक केली. १२५ सीसीची साधी बाईक, तासगावहून कुपवाड एमआयडीसीत रोज ये-जा करायला. पहिल्या दिवशी शोरूममधल्या एक्झिक्युटिव्हने लिहून दिलेला ऑन-रोड आकडा, म्हणजे आरटीओ, विमा सगळं धरून भरायची रक्कम, होता १,१८,३०० रुपये. आम्ही शेवटी भरले १,०९,९००. गाडी तीच, रंग तोच, शोरूमही तेच. मधल्या ८,४०० रुपयांतला एक रुपयाही एक्स-शोरूम किमतीतून, म्हणजे आरटीओ-विमा धरण्याआधीच्या गाडीच्या किमतीतून, सुटलेला नव्हता, आणि बहुतेकांची गफलत इथेच होते. "एक लाख अठराला सांगताय, एक लाख दहाला द्या," असं म्हणत लोक शेवटच्या आकड्यावर भाव करतात. समोरचा हजार-दीड हजार सोडतो, वर सीट कव्हर फुकट देतो आणि आपण जिंकलो या समाधानात घरी येतो.

रोजच्या वापराच्या गाड्यांमध्ये डीलरला एक्स-शोरूम किमतीवर फार मोठं मार्जिन नसतं, त्यामुळे तिथे कितीही ओढाताण केली तरी हाती थोडंच लागतं. मोकळीक असते ती त्या किमतीच्या खाली लिहिलेल्या ओळींत. म्हणून भाव गाडीचा नाही, कोटेशनच्या एकेका ओळीचा करायचा. ते कसं, ते क्रमाने सांगतो.

शोरूमला जाण्याआधी

मॉडेल, व्हेरियंट आणि रंग घरी ठरवा. ड्रम की डिस्क, अलॉय की स्पोक, ब्लूटूथवाला मीटर हवा की नको, हे सगळं. शोरूमच्या दिव्यांखाली चकाकणाऱ्या गाडीवर बसून हे ठरवायला गेलात तर वरचा व्हेरियंट गळ्यात पडतोच. चालवून बघायची असेल तर खुशाल बघा, टेस्ट राइड मागाच. पण ती एका दिवशी आणि पैशांचं बोलणं दुसऱ्या दिवशी. पोराचे डोळे चमकले की समोरच्याला ते लगेच कळतं, आणि मग कोटेशनमधली एकही ओळ हलत नाही.

कंपनीच्या संकेतस्थळावर आपलं शहर निवडून त्या व्हेरियंटची एक्स-शोरूम किंमत काढा आणि कागदावर लिहून ठेवा. किमतींचे जुने व्हिडिओ किंवा मित्राची जुनी पावती धरून बसू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून, म्हणजे त्या वर्षीच्या घटस्थापनेपासून, ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. आधी लाखाला मिळणारी गाडी त्यामुळे साधारण ७,८०० रुपयांनी उतरली. ३५० सीसीच्या वरच्या गाड्यांवर मात्र ४० टक्के जीएसटी लागला. रॉयल एनफिल्डचं ३५० चं इंजिन ३४९ सीसीचं आहे, म्हणून ती गाडी स्वस्त झालेल्या गटात आली. मोठी गाडी बघत असाल तर सीसीचा नेमका आकडा बघूनच तुलना करा.

वेळ कधीची धरायची? दसरा, पाडवा, धनत्रयोदशी, अक्षय्य तृतीया या दिवशी आपल्याकडे शोरूममध्ये पाय ठेवायला जागा नसते. कंपनीच्या सणाच्या योजना त्या काळात खऱ्याच असतात, पण त्या सगळ्यांनाच मिळतात. तुमच्या कोटेशनमधल्या ओळींवर बोलायला मात्र त्या गर्दीत कुणाला वेळ नसतो आणि गरजही नसते. याउलट पितृपक्षात शोरूम ओस पडलेलं असतं. ज्याला मुहूर्त पाळायचा आहे त्याने बोलणी आणि बुकिंग सणाच्या दोन-तीन आठवडे आधी उरकावं आणि गाडी मुहूर्तावर घरी न्यावी. आम्ही तेच केलं. ठरलेला भाव आणि डिलिव्हरीची तारीख बुकिंगच्या पावतीवर लिहून घेतली. सणाची योजना नंतर जाहीर झाली तर ती आपल्याला लागू होईल, हेही त्यावर लिहून घ्यायचं.

महिन्याचा शेवटचा आठवडा बरा, कारण एक्झिक्युटिव्हला महिन्याचं टार्गेट पुरं करायचं असतं. वार शक्यतो मधला आणि वेळ सकाळची धरा. रविवारी संध्याकाळी जाऊ नका. डिसेंबरअखेर जुन्या वर्षाचा स्टॉक काढायचा असतो, तेव्हाही चांगली सूट मिळते. पण पुढे विकताना गाडीचं उत्पादन वर्ष बघितलं जातं, हे ध्यानात ठेवून सूट त्या मानाने मागायची.

कोटेशन ओळीओळीने लिहून घ्या

शोरूममध्ये गेल्यावर पहिलं वाक्य: "सगळं सुटं लिहून कोटेशन द्या, शिक्क्यासह." तोंडी आकडा घेऊन परत येऊ नका. व्हिजिटिंग कार्डाच्या मागे पेनने लिहिलेला ऑन-रोड आकडा हा भाव नसतो. आम्हालाही पहिल्यांदा तसंच कार्ड मिळालं होतं. सुटं मागितल्यावर त्या मुलाने कॉम्प्युटरवरून हा कागद काढून दिला:

एक्स-शोरूम ९०,०००
आरटीओ ११,४००
इन्शुरन्स ८,९००
ॲक्सेसरीज किट ४,२००
एक्स्टेंडेड वॉरंटी १,२००
आरएसए (रोडसाइड असिस्टन्स, म्हणजे गाडी वाटेत बंद पडली तर मदत) ६००
हँडलिंग चार्जेस १,५००
नंबर प्लेट ५००

असा कागद किमान तीन ठिकाणांहून आणा. आम्ही सांगलीतल्या दोन आणि कोल्हापुरातल्या एका शोरूममधून आणला. तासगावात सब-डीलर होता, त्याच्याकडेही विचारलं. तालुक्याच्या गावातला सब-डीलर जवळ पडतो, सर्व्हिसिंगला सोयीचा असतो, पण गाडी मुख्य डीलरकडूनच येत असल्याने तो अनेकदा आपला खर्च वर लावतो. त्याच्याकडून घ्यायची असेल तर बिल कुणाच्या नावाने निघणार आणि वॉरंटीची नोंद कोण करणार, हे आधी विचारा.

आता एकेक ओळ बघू.

आरटीओ

लोकांना वाटतं हा सरकारी आकडा आहे, इथे काय बोलणार? पण सरकारी आकडा हिशोबाने काढता येतो, म्हणूनच इथे बोलता येतं. महाराष्ट्रात दुचाकीचा एकरकमी कर इंजिनाच्या क्षमतेवर ठरतो: ९९ सीसीपर्यंत १० टक्के, त्यापुढे २९९ सीसीपर्यंत ११ टक्के आणि त्याच्या वर १२ टक्के. आमच्या गाडीला ९०,००० चे ११ टक्के म्हणजे ९,९००. नोंदणी फी ३०० रुपये, स्मार्ट कार्डचे २०० रुपये. कर्ज असेल तर बोजा चढवण्याचे ५०० रुपये. आमचं कर्ज नव्हतं. वर किरकोळ शुल्क धरलं तरी साडेदहा हजारांच्या आसपास भागायला हवं होतं, आणि कागदावर ११,४०० होते.

हे मी त्या मुलाला समोर बसून कागदावर मांडून दाखवलं. आवाज चढवला नाही, फक्त विचारलं, "यातले उरलेले आठशे कशाचे?" तो आत जाऊन आला आणि म्हणाला, "साहेब, पासिंगचा एजंटचा खर्च असतो तो." डीलरने आपल्या सोयीसाठी ठेवलेल्या माणसाचा खर्च आरटीओच्या ओळीत बसत नाही. ती ओळ १०,६०० वर आली.

आणखी एक मागणी करून ठेवा. पासिंग झाल्यावर कराची आणि फीची पावती मिळालीच पाहिजे, आणि जास्तीचे घेतले असतील तर परत मिळाले पाहिजेत. हे कोटेशनवरच लिहून घ्या. याचा उपयोग शेवटी होतो.

नंबर प्लेट, हँडलिंग, पीयूसी

हाय सिक्युरिटी नंबर प्लेट १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाडीबरोबर कंपनीनेच द्यायची आहे आणि तिची किंमत गाडीच्या किमतीत धरलेली असते. त्यामुळे प्लेटचे वेगळे ५०० रुपये दिसले तर ती ओळ काढायला सांगा. हँडलिंग, लॉजिस्टिक, फॅसिलिटेशन, डेपो चार्जेस अशा नावांखाली जे लिहिलेलं असतं तो कर नाही आणि सरकारी फीही नाही. गाडी कारखान्यातून शोरूमपर्यंत आणणं, पुसणं, तपासून देणं हे विक्रेत्याचं काम आहे. "सगळेच घेतात," असं उत्तर येईल. त्यावर एवढंच म्हणा, "तुमच्या शिक्क्याच्या कागदावर ही रक्कम कोणत्या नियमाने घेता ते लिहून द्या." आमच्या वेळी ते लिहून मिळालं नाही, पण ती ओळ गेली. नव्या गाडीला पहिलं वर्षभर पीयूसी लागत नाही, त्यामुळे त्याचेही पैसे द्यायचे नाहीत.

इन्शुरन्स

माझ्या मते सगळ्यात जास्त पैसे इथे अडकतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

नव्या दुचाकीच्या विम्यात दोन भाग असतात. पहिला थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याची भरपाई. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला हा भाग एकदम पाच वर्षांचा घ्यावाच लागतो. याचे दर सरकार ठरवतं, सगळ्या विमा कंपन्यांचे सारखेच असतात. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरपत्रकात पाच वर्षांसाठी ७५ ते १५० सीसीला ३,८५१ रुपये, १५० ते ३५० सीसीला ७,३६५ आणि त्याच्या वर १५,११७ रुपये आहेत, वर १८ टक्के जीएसटी. घेण्याच्या दिवशीचा चालू दर एकदा बघून घ्या. या भागात घासाघीस नाही.

दुसरा भाग ओन डॅमेज, म्हणजे आपल्याच गाडीचं नुकसान किंवा चोरी. हा एक वर्षाचा असतो आणि यात प्रत्येक कंपनी वेगळी सूट देते. त्याला जोडून झिरो डेप (दाव्यात घसारा न कापण्याचं कव्हर), रोडसाइड असिस्टन्स, इंजिन कव्हर असं काय काय लावलेलं असतं. शोरूमचं कोटेशन फुगतं ते इथे.

करायचं काय? विमा कंपनीच्या किंवा विमा तुलना करणाऱ्या संकेतस्थळावर "नवी गाडी" हा पर्याय निवडून त्याच मॉडेलचं कोटेशन काढा. तुलना करताना आयडीव्ही, म्हणजे गाडीची विम्यात धरलेली किंमत, दोन्हीकडे सारखी आहे ना बघा. नव्या गाडीची आयडीव्ही किमतीच्या ९५ टक्के धरतात. आमच्या गाडीला ८५,५००. आयडीव्ही कमी करून हप्ता स्वस्त दाखवलेला असेल तर ती सूट नव्हे. गाडी चोरीला गेली तर तेवढेच कमी पैसे हातात येतील.

मग शोरूमच्या विम्यात काय काय आहे ते ओळीने विचारा. आमच्या ८,९०० मध्ये मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा पाच वर्षांचा लावलेला होता. हा विमा बंधनकारक आहे, पण तो एक वर्षाचाही घेता येतो. तुमच्या नावावर आधीच दुसरी गाडी असून तिच्या पॉलिसीत तो असेल, किंवा तुमचा स्वतंत्र किमान १५ लाखांचा अपघात विमा असेल, तर तसं लिहून देऊन इथला वगळता येतो. भाच्याकडे यातलं काहीच नव्हतं, म्हणून आम्ही एक वर्षाचा ठेवला.

झिरो डेप मात्र ठेवला. प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरी या भागांवर दावा करताना साध्या पॉलिसीत ५० टक्के घसारा कापतात, आणि हल्लीच्या गाड्यांचं अंगच प्लास्टिकचं. नवशिक्या हातात पहिल्या वर्षी एखादा इंडिकेटर, एखादं पॅनल तुटतंच.

"बाहेरचा इन्शुरन्स चालत नाही," असं तुम्हाला सांगतील. ते खरं नाही. विमा कुणाकडून घ्यायचा हे ठरवण्याचा हक्क गाडी घेणाऱ्याचा आहे, आणि विमा नियामकाच्या नियमांनुसार डीलरला त्याची सक्ती करता येत नाही. "मग वॉरंटी जाईल," हेही खरं नाही. वॉरंटीचा आणि विम्याचा संबंध नाही. एका गोष्टीची चौकशी मात्र करा. अपघात झाला तर त्या शोरूमच्या वर्कशॉपमध्ये आपण निवडलेल्या विमा कंपनीची कॅशलेस सोय आहे का? नसेल तर आधी पैसे भरून नंतर कंपनीकडून घ्यावे लागतात. बाहेरून विमा घ्यायचाच झाला तर गाडी अलॉट झाल्यावर चेसिस आणि इंजिन नंबर लिहून मागा. पॉलिसी त्या नंबरांवर निघते आणि पासिंगच्या आधी द्यावी लागते.

बहुतेक वेळा इतकं करावं लागत नाही. बाहेरचं कोटेशन मोबाइलवर दाखवलं की शोरूमचा आकडा खाली येतो. आमचा ६,९०० वर आला, झिरो डेपसह, आणि आम्ही तिथूनच घेतला.

जाता जाता एक: पॉलिसीवर पाच वर्षांची तारीख दिसते म्हणून ओन डॅमेज एक वर्षाने संपतो हे लोक विसरतात. मोबाइलमध्ये त्या तारखेचं रिमाइंडर लावून ठेवा.

ॲक्सेसरीज

"किट कंपल्सरी आहे" हे वाक्य ऐकलंत की किटमध्ये काय आहे ते लिहून मागा. आमच्या ४,२०० च्या किटमध्ये लेग गार्ड, साडी गार्ड, सीट कव्हर, टँक कव्हर, ग्रिप, फूट मॅट, हेल्मेट आणि टेफ्लॉन कोटिंग होतं. केंद्रीय मोटार वाहन नियम १२३ प्रमाणे मागे बसणाऱ्यासाठी धरायची मूठ, पाय ठेवायची जागा आणि मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारं संरक्षण, म्हणजेच आपण म्हणतो ते साडी गार्ड, दुचाकीला असलंच पाहिजे. नियम १३८ प्रमाणे दुचाकी घेताना कंपनीने आयएसआय दर्जाचं हेल्मेट द्यायचं आहे. या गोष्टी जादा म्हणून विकल्या जात असतील तर नियमाचा नंबर सांगून बोला. आयुष्यात मी बाकी कशावर तडजोड करीन, हेल्मेटवर नाही. शोरूमचं हलकं वाटलं तर तेही घ्या आणि स्वतःच्या मापाचं चांगलं वेगळं घ्या.

बाकीच्या वस्तू बाजारात स्वस्त मिळतात. कोटिंगच्या नावाखाली अनेकदा साधं पॉलिश मारून देतात. आम्ही लेग गार्ड आणि सीट कव्हर एवढंच १,२०० ला घेतलं.

एक्स्टेंडेड वॉरंटी आम्ही ठेवली, कारण गाडी रोज पन्नासएक किलोमीटर पळणार होती. महिन्यातून चार वेळा गाडी काढणाऱ्याने हा खर्च करू नये असं माझं मत आहे. आरएसए काढून टाकलं.

बोलायचं कसं

समोर बसलेला एक्झिक्युटिव्ह बहुधा पंचवीस-सव्वीसचा मुलगा असतो. पगार थोडा, वर इन्सेंटिव्ह. ॲक्सेसरीज किट आणि विमा विकण्याचं टार्गेट त्याच्या डोक्यावर असतं. त्याच्याशी भांडून काही मिळत नाही आणि त्याच्यावर ओरडणं बरंही दिसत नाही. त्याला सरळ सांगा: "गाडी घ्यायची नक्की आहे. आज बुकिंग करायची तयारी आहे. या चार ओळींचं तुमच्या मॅनेजरशी बोलून या." तो आत जाईल, पाच मिनिटांनी येईल, म्हणेल, "साहेब, पाचशे कमी करतो म्हणाले." मग घाई करायची नाही. दुसऱ्या शोरूमचा शिक्क्याचा कागद टेबलावर ठेवा आणि गप्प बसा. आमच्या वेळी तिसऱ्या फेरीला मॅनेजर स्वतः बाहेर आले.

खोटं बोलू नका. "तिकडे एक लाख पाचला देतायत" अशी थाप तो क्षणात ओळखतो, कारण शेजारच्या शोरूमचे भाव त्याला पाठ असतात.

आणि उठून यायची खरी तयारी ठेवा. ज्या मॉडेलला वेटिंग आहे तिथे हे सगळं फारसं चालत नाही, हेही मान्य केलं पाहिजे. तिथे आरटीओ, प्लेट आणि हँडलिंग या तीन ओळींवर ठाम राहा, विम्याचं पर्यायी कोटेशन दाखवा, बाकी सोडून द्या. लवकर गाडी देतो म्हणून वर रोख पैसे मागितले तर देऊ नका.

जुनी गाडी द्यायची असेल तर

आधी नव्या गाडीचा भाव पूर्ण ठरवून कागदावर घ्या, तोवर जुन्या गाडीचा विषयच काढू नका. दोन्ही व्यवहार एकत्र झाले की एकीकडे वाढवून दुसरीकडे काढून घेतात. जुन्या गाडीचा भाव बाहेरच्या दोन सेकंडहँडवाल्यांना विचारून ठेवा. देताना गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या आणि गाडी ताब्यात दिल्याची तारीख-वेळ लिहिलेली पावती घ्या. नाव बदलेपर्यंत त्या गाडीचा अपघात आणि चलन तुमच्या दारात येतं. जुन्या पॉलिसीवर नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दलची सूट, साठला असेल तर तो नव्या गाडीच्या ओन डॅमेजला लावून घेता येतो.

कर्ज

माझ्या पहिल्या गाडीच्या वेळी मी फक्त एकच विचारलं होतं: "हप्ता किती बसेल?" दोन वर्षांनी बँकेतल्या एका ओळखीच्या गृहस्थांनी हिशोब करून दाखवला तेव्हा मी खरोखर किती व्याज भरलं ते कळलं. दहा टक्के सांगितलेलं कर्ज अठरा टक्क्यांचं निघालं.

तो हिशोब असा. ८०,००० कर्ज, २४ महिने, १० टक्के "फ्लॅट" दर. दोन वर्षांचं व्याज १६,०००, एकूण ९६,०००, हप्ता ४,०००. ऐकायला बरं वाटतं. पण तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडत असता आणि व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण ८०,००० वर चालू असतं. शिल्लक मुद्दलावर काढलं तर हा दर साधारण १८ टक्के होतो. म्हणून "रिड्यूसिंग दर (शिल्लक मुद्दलावरचा) किती?" हाच प्रश्न विचारा, आणि प्रोसेसिंग फी, डॉक्युमेंटेशन, आगाऊ हप्ता, कर्जावरचा विमा हे सगळं धरून हातात प्रत्यक्ष किती येतं आणि एकूण किती भरायचं ते लिहून घ्या. शोरूममध्ये बसलेल्या फायनान्सवाल्याकडून कर्ज घेतलं तर शोरूमला त्याचा मोबदला मिळतो. आपल्या पगाराच्या बँकेत किंवा पतसंस्थेत आधी विचारून या. रोख घेणाऱ्यापेक्षा कर्ज घेणारा गिऱ्हाईक त्यांना अनेकदा जास्त आवडतो, त्यामुळे "कॅश देतो" म्हटल्याने सूट वाढेलच असं धरून चालू नका. एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला आयकर कायद्याने मनाई आहे, हे मोठी गाडी घेणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं.

बुकिंग आणि डिलिव्हरी

बुकिंगची रक्कम थोडीच द्या, ऑनलाइन द्या, पावती घ्या. पावतीवर ठरलेली एकूण किंमत, मॉडेल, रंग, डिलिव्हरीची तारीख आणि रद्द केल्यास पैसे परत मिळण्याची अट लिहून हवी. "फुकट देतो" म्हणालेल्या वस्तूंची नावंही तिथेच. बोलणारा मुलगा महिन्याभराने दुसऱ्या शोरूमला गेलेला असू शकतो.

उरलेले पैसे भरण्याआधी अलॉट झालेली गाडी स्वतः बघा, तीही हार घालून पेढे वाटण्याच्या आधी आणि उजेडात. भाच्याची गाडी बघायला गेलो तेव्हा टाकीच्या डाव्या बाजूला, बरोबर गुडघा टेकतो तिथे, नखाएवढा रंग उडालेला होता. हारात ते दिसलंच नसतं. आम्ही दाखवलं, त्यांनी दोन दिवसांत दुसरी गाडी लावली. मीटरवर किती किलोमीटर आहेत, सायलेन्सरला आणि चेनला गंज आहे का, टायरवर छापलेल्या चार आकड्यांतून तो कोणत्या आठवड्यात आणि वर्षी बनला, दोन चाव्या, टूलकिट, फर्स्ट-एड किट, मॅन्युअल हे सगळं बघा. फॉर्म २१ वर, म्हणजे विक्रीच्या दाखल्यावर, गाडी कोणत्या महिन्यात आणि वर्षी तयार झाली ते लिहिलेलं असतं. चेसिस नंबर गाडीवरचा, फॉर्म २१ वरचा, बिलावरचा आणि पॉलिसीवरचा एकच आहे ना, हे आकडा-आकडा बोट ठेवून ताडून घ्या. नावाचं स्पेलिंग आधारप्रमाणे हवं.

बिल पक्कं, जीएसटीचं घ्या आणि सूट मिळाली असेल तर ती बिलात दिसू द्या. नोंदणी झाल्याशिवाय, मग ती तात्पुरती का असेना, डीलरला गाडी ताब्यात देता येत नाही. "घेऊन जा, पासिंग होईल आठवड्यात," असं कुणी म्हटलं तरी नंबराशिवाय रस्त्यावर काढू नका. वाटेत काही झालं तर निस्तरणं तुमच्याच अंगावर येतं.

ठरल्यापेक्षा वेगळं बिल लावलं, पैसे अडकवले, तर आधी कंपनीच्या ग्राहक सेवेकडे लेखी तक्रार करा. तिथे दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. शिक्क्याचं कोटेशन आणि पावत्या जवळ असतील तर तक्रारीला वजन येतं.

गाडी घरी आली की एक काम उरतं, आणि ते दहातले नऊजण करत नाहीत असा माझा अनुभव आहे. पंधरा-वीस दिवसांनी शोरूममध्ये जाऊन कराची आणि नोंदणी फीची पावती मागा आणि कोटेशनमधल्या आरटीओच्या ओळीशी लावून बघा. भाचा सुट्टीच्या दिवशी कोटेशन खिशात घालून गेला. पावतीवरची बेरीज १०,६०० पेक्षा कमी होती. त्याने कोटेशनवर लिहून घेतलेली ओळ दाखवली, कॅशियरने व्हाउचर केलं आणि उरलेले पैसे त्याच दिवशी त्याच्या खात्यावर जमा झाले.